लायसन नको, पासिंग नको : बॅटरीच्या सायकलीची खरी हद्द कोणती?



बियाणे, खते आणि फवारणी सोडून हा कृषी विस्तार अधिकारी आज सायकलीवर कसा काय आला, असे आपल्याला वाटेल. त्याला कारण घडले आहे. त्यात थोडा दोष माझाही आहे, म्हणून तो आधीच सांगून टाकतो.

दोन वर्षांपूर्वी पेरणीच्या तोंडावर एका गावी बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक होते. काम आटोपले, पारावर चहा आला, गप्पा सुरू झाल्या आणि विषय पेट्रोलच्या भावावर गेला. डेअरीला दोन वेळा दूध घालायचे तर महिन्याला नुसत्या पेट्रोललाच किती जातात, याचा हिशेब एकाने बोटांवर करून दाखवला. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "मग बॅटरीची गाडी घ्या की! तिला लायसन लागत नाही आणि पासिंगही लागत नाही." मी कुठल्याशा पेपरात ते वाचले होते. वाचले होते अर्धे, आणि सांगितले त्याच्याही निम्मे.

पारावर बसलेल्यांपैकी एका दूध उत्पादकाने त्या दिवाळीत तशी गाडी घेतली. दिसायला स्कूटर, पायडल नाही, सीटखाली बॅटऱ्या. दुकानदारानेही तेच सांगितले: लायसन नको, पासिंग नको. वर आणखी सांगितले की ही २५ च्या पुढे पळत नाही, पण आपल्याला हवी असेल तर सोय आहे. ती सोय म्हणजे एक वायर. ती सोडवून दिली आणि गाडी ४५ ने पळू लागली. सकाळ-संध्याकाळ वडील दूध घालीत आणि मधल्या वेळात नववीतली मुलगी ती शाळेला नेई. घरात सगळ्यांना आनंद होता. पुढे एके दिवशी फाट्यावर रस्ता ओलांडणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना तिची धडक बसली. त्यांचे मांडीचे हाड मोडले, मुलीचा हात मोडला. पोलिसांनी कागद मागितले. नोंदणी नाही, विमा नाही, चालवणारी चौदा वर्षांची. दवाखान्याचे बिल भागवायला दावणीची एक गाय गेली. प्रकरण अजून कोर्टात आहे, म्हणून गावाचे नाव लिहीत नाही.

ते गृहस्थ माझ्या कार्यालयात आले तेव्हा एवढेच म्हणाले, "साहेब, तुम्हीच तर म्हणाला होता."

त्यानंतर मी हा नियम मुळापासून वाचून काढला. जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

नियम नेमका काय म्हणतो

आपल्या देशात १९८८ चा मोटार वाहन कायदा आहे आणि त्याखाली १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम आहेत. त्या नियमांत बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची व्याख्या दिली आहे आणि तिलाच जोडून एक सवलत आहे. काही अटी पाळणारे दुचाकी वाहन हे मोटार वाहन समजले जाणार नाही, अशी ती सवलत आहे. मोटार वाहनच नाही म्हटल्यावर नोंदणी नाही, लायसन नाही, विम्याची सक्ती नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत ती सायकल.

अटी अशा आहेत. मोटरची अर्धा तास सलग टिकणारी ताकद पाव किलोवॅटच्या, म्हणजे २५० वॅटच्या आत हवी. वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत हवा. बॅटरी वगळून गाडीचे वजन ६० किलोपेक्षा जास्त नको. ब्रेक चांगले हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक हवा. पायडल मारताना मोटर हातभार लावते अशी सायकल असेल, तर वेग वाढेल तसा मोटरचा जोर कमी होत जाऊन २५ ला तो पूर्ण बंद झाला पाहिजे, आणि पाय थांबले की मोटरही थांबली पाहिजे.

मी जी अर्धी गोष्ट सांगितली नव्हती ती पुढची आहे. या अटी गाडी पाळते हे दुकानदाराने सांगून चालत नाही. सरकारने नेमलेल्या चाचणी संस्थेने त्या मॉडेलची तपासणी करून तसे प्रमाणपत्र दिलेले असावे लागते. अशा संस्था लांब कुठे आहेत असेही नाही. पुण्यात ए.आर.ए.आय. आहे, पुण्यातच सी.आय.आर.टी. आहे, अहिल्यानगरला (पूर्वीच्या अहमदनगरला) व्ही.आर.डी.ई. आहे. मध्य प्रदेशातले बुदनीचे केंद्र तर आपल्यापैकी ट्रॅक्टरवाल्यांना ठाऊक असेल. ट्रॅक्टर घेताना 'बुदनीची टेस्ट झालेला आहे का' असे आपण विचारतो. तेच सायकलीला विचारायचे.

म्हणजे 'बॅटरीच्या गाडीला लायसन लागत नाही' हे वाक्यच चुकीचे आहे. अटींच्या आत बसणाऱ्या आणि तसे प्रमाणपत्र असणाऱ्या गाडीला लागत नाही, हे बरोबर वाक्य. त्या दूध उत्पादकाची गाडी दुकानात उभी होती तेव्हा कदाचित सायकल असेलही. वायर सोडवली त्या क्षणी ती मोटार वाहन झाली, तीही बिननोंदणीची.

पाव किलोवॅट म्हणजे किती?

वॅटची भाषा शहरी वाटते, म्हणून आपल्या भाषेत सांगतो. एक एच.पी. म्हणजे ७४६ वॅट. तेव्हा पाव किलोवॅट म्हणजे एका एच.पी.चा तिसरा हिस्सा. विहिरीवर आपण पाच एच.पी.ची मोटर बसवतो. तिच्या ताकदीत अशा पंधरा सायकली चालतील. हे ऐकून कोणी म्हणेल, मग एवढ्याशा मोटरचा उपयोग काय? पण दुसऱ्या बाजूने पाहा. धडधाकट माणूस बराच वेळ सायकल मारतो तेव्हा त्याच्या पायांतून ७५ ते १०० वॅट निघतात. म्हणजे ही मोटर लावली की आपल्या जोडीला आणखी अडीच-तीन माणसे पायडल मारू लागली असे समजा.

आता दुधाचा हिशेब करू. चालवणारा ६० किलोचा, सायकल बॅटरीसकट २५ किलोची, मागे ४० लिटरचा भरलेला कॅन, तो ४५ किलो धरा. सगळे मिळून १३०. सपाट डांबरी रस्त्यावर हे ओझे मोटर सहज नेईल. शंभर फुटांत पाच फूट असा चढ लागला, तर ताशी १० किलोमीटरने जायला दोनशे-सव्वादोनशे वॅट लागतात, म्हणजे मोटर एकटी कशीबशी नेईल आणि तिच्यापेक्षा जलद जायचे तर पाय मारावे लागतील. त्याच्या दुप्पट चढ असेल, घाटासारखा, तर मोटर आणि पाय दोन्ही लावूनही १० च्या पुढे जाता येणार नाही. पावसाळ्यात पाणंद रस्त्याच्या चिखलात तर विचारूच नका.

सांगायचा मुद्दा असा की ही ताकद कामाची आहे, पण तिला वेळ द्यावा लागतो. डेअरी तीन किलोमीटरवर असेल आणि वाट बरी असेल, तर ही सायकल उत्तम. बारा किलोमीटरवर घाट चढून जायचे असेल, तर ही आपल्या कामाची नाही, आणि ती कामाची नाही म्हणून दुकानदार वायर सोडवायला सुचवतो. नियम मोडण्याचे मूळ पुष्कळदा माणसाच्या खोडसाळपणात नसते. गरज मोठी आणि गाडी लहान, यात ते असते.

खर्चाच्या बाजूने मात्र ती बिनतोड आहे. साध्या ई-सायकलीच्या ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरच्या बॅटरीत एक तृतीयांश युनिटाहून थोडी जास्त वीज मावते. भरताना जाणारी तूट धरली तरी अर्ध्या युनिटाच्या आत काम होते. फक्त ती वीज घरच्या मीटरवरची असू द्या. शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी भरली तर २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होऊ शकते. विहिरीवरच्या खोलीत बोर्ड आहे म्हणून चार्जर लावणारे मी पाहिले आहेत.

अनुदान मिळाले ते दुसऱ्यालाच

सरकारने एका हाताने या सायकलीला मोकळीक दिली. दुसऱ्या हाताचे काय झाले तेही पाहू. २०१५ मध्ये 'फेम' ही केंद्राची योजना आली, तिच्यात कमी वेगाच्या दुचाकींनाही मदत होती. एप्रिल २०१९ मध्ये तिचा दुसरा भाग आला आणि त्यात अट पडली की दुचाकीचा वेग किमान ४० असावा आणि एका चार्जिंगमध्ये ती किमान ८० किलोमीटर जावी. झाले! २५ च्या आत राहणारी सायकल एका ओळीने बाहेर पडली. ऑक्टोबर २०२४ मध्ये पी.एम. ई-ड्राइव्ह योजना सुरू झाली, तिचीही मदत नोंदणीच्या दुचाकींनाच ठेवलेली होती. ज्या माणसाला चाळीसचा वेग परवडत नाही आणि नकोही आहे, त्याला मदत नाही. दिल्ली सरकारने २०२२ मध्ये मात्र पहिल्या दहा हजार ई-सायकलींना किमतीचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त ५,५०० रुपये, द्यायचे ठरवले होते. पण दिल्लीत दुधाचे कॅन घेऊन सायकलीवर किती जण जातात!

कराची गंमत आणखी वेगळी. ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या गाड्यांवर जी.एस.टी. ५ टक्के झाला आणि त्यात ई-सायकलही आली. साध्या सायकलीवर मात्र १२ टक्के होता, तो सप्टेंबर २०२५ मध्ये ५ वर आला. मधली सहा वर्षे मोटरवाल्या सायकलीला कर कमी आणि नुसत्या पायाने मारायच्या सायकलीला जास्त, असा प्रकार होता. कायदे करणाऱ्यांच्या घरी सायकल नसावी, असे कधीकधी वाटते.

माझ्या लहानपणी उलट होते. साध्या सायकलीलाही नगरपालिकेचा बिल्ला लागे. संध्याकाळी दिवा नसला किंवा डबलसीट दिसले की शिपाई खाली उतरवून चाकातली हवा सोडी. बिल्ला न काढल्याबद्दल माझ्या काकांची सायकल दोन दिवस अडकून पडली होती. ते बिल्ले गेले तेव्हा कोणालाच वाईट वाटले नाही. म्हणून आज सरकार सायकलीला कागदपत्रांतून मोकळे ठेवते, हे मला मनापासून योग्य वाटते. माझी तक्रार एवढीच की त्या मोकळेपणाच्या नावाखाली भलतेच विकले जाते.

चीनमध्ये हेच आधी घडले

या बाबतीत चीन आपल्या वीस वर्षे पुढे आहे. तिथल्या अनेक शहरांनी मोटरसायकलींवर बंदी घातली. १९९९ च्या मानकाप्रमाणे विजेच्या सायकलीला ताशी २० किलोमीटर वेग, ४० किलो वजन, २४० वॅट मोटर आणि पायडल अशा अटी होत्या. २००४ पासून लागू झालेल्या वाहतूक कायद्याने तिला बिगर-मोटर वाहनांत धरले. लोक तिच्यावर तुटून पडले. कामगार, भाजीवाले, शेतकरी, सगळे. आज तिथे अशा ३० कोटींहून जास्त गाड्या आहेत.

पण कारखानदारांनी काय केले? नावाला पायडल लावले आणि ४० ने पळणाऱ्या जड स्कूटर सायकल म्हणून विकल्या. अपघात वाढले. काही शहरांनी तर वैतागून सगळ्यांवरच बंदी घातली. ग्वांगजौने २००६ मध्ये तसे केले. यात अटी पाळणाऱ्याचीही सायकल गेली, हे लक्षात घ्या. शेवटी सरकारने एप्रिल २०१९ पासून नवे मानक लागू केले. वेग २५, वजन ५५ किलो, मोटर ४०० वॅट, आणि वेगाचे कुलूप सहज फोडता येऊ नये अशी अट. म्हणजे मोटरची ताकद वाढवून दिली आणि वेगावर पकड घट्ट केली. सप्टेंबर २०२५ पासून आणखी सुधारणा झाली. शिसे-आम्ल बॅटरीच्या गाडीला ६३ किलोपर्यंत वजन चालते आणि नावापुरत्या पायडलची सक्ती गेली.

मला यात आपल्या शेतकऱ्यासाठी एक मागणी दिसते. वेग २५ च राहू द्या, त्यात माझे काही म्हणणे नाही. गावच्या रस्त्यावर म्हातारी माणसे, पोरे, जनावरे असतात. पण मालवाहू सायकलीला, जिच्यावर दूध, वैरण, भाजी जाते, तिला मोटरची ताकद थोडी वाढवून द्यायला काय हरकत आहे? चढ चढायला ताकद लागते, वेग लागत नाही. दोन्हींना एकाच दोरीने बांधल्यामुळे प्रामाणिक माणूसही वायर सोडवू लागतो.

पासिंगची भीती

खरे सांगायचे तर आपण आर.टी.ओ.च्या नावाला भितो. 'पासिंग नको' हे दोन शब्द ऐकले की निम्मा सौदा तिथेच होतो. पण ही भीती आता पुष्कळशी जुनी झाली आहे. ऑगस्ट २०२१ पासून बॅटरीच्या वाहनांना नोंदणीची फी केंद्राने माफ केली आहे. महाराष्ट्रात वाहन करही माफ आहे. दुकानदारच नोंदणी करून देतो आणि हिरवी पाटी मिळते. त्रयस्थ व्यक्तीचा विमा घ्यावा लागतो. २०२२ च्या दराप्रमाणे ३ किलोवॅटपर्यंतच्या विजेच्या दुचाकीला तो वर्षाला पाचशे रुपयांच्या आत बसतो, मात्र नव्या गाडीला पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो. तो विमा त्या घरी असता, तर म्हाताऱ्या गृहस्थांची भरपाई कंपनीवर गेली असती. अर्थात चालवणाऱ्याकडे लायसन असेल तर, आणि चौदा वर्षांच्या मुलीकडे ते असूच शकत नव्हते.

इथे आईवडिलांनी कान देऊन वाचावे. सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. विनालायसन चालवण्याचा ५,००० रुपये दंड वेगळा, बिननोंदणीचा वेगळा. अटीत बसणाऱ्या सायकलीला यातले काहीच लागू नाही, म्हणून शाळेच्या पोरीसाठी घ्यायची तर पायडलची, पाय थांबले की थांबणारी सायकलच घ्या. वेगाला कमी आहे म्हणून ती रुसेल. रुसू द्या.

२०२२ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने अशा बदल केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम काढली होती. तेव्हा गाड्या जप्त झाल्या त्या घेणाऱ्यांच्या.

घेताना काय पाहाल

चाचणी प्रमाणपत्राची प्रत मागा आणि त्यावरचे मॉडेलचे नाव व गाडीवरचे नाव एकच आहे का ते ताडून पाहा. 'नंतर पाठवतो' म्हणाला तर पैसेही नंतर द्या. बिलावर मोटरचे वॅट आणि कमाल वेग लिहून घ्या. हे लिहून द्यायला जो कां-कूं करतो त्याचे उत्तर तुम्हाला मिळालेच.

वेग तपासायला यंत्र नको. सरळ, सपाट सडकेवर किलोमीटरच्या दोन दगडांमधले अंतर पूर्ण वेगाने काटा आणि घड्याळ पाहा. २५ च्या वेगाने २ मिनिटे २४ सेकंद लागतात. त्याहून लवकर पोचलात तर ती सायकल नव्हे. दीड मिनिटाच्या आत पोचलात तर ती चाळीसच्या पुढे आहे, आणि दुकानदार आपल्याला कोर्टाचा रस्ता दाखवतो आहे. वजनाची शंका असेल तर बॅटरी काढून बाजार समितीच्या काट्यावर चढवा.

जुन्या सायकलीला मोटरचे कीट बसवून देणारे कारागीर आता तालुक्याच्या गावी बसतात. त्यांचे हात कुशल आहेत, मला त्यांचे कौतुक आहे. पण घरी जुळवलेल्या सायकलीची कुठल्याही संस्थेने चाचणी केलेली नसते, आणि जुन्या सायकलीचे रबरी ब्रेक ४५ किलोच्या कॅनसकट उतारावर धरत नाहीत. बॅटरी भरताना ती कडब्याच्या गंजीपाशी किंवा गोठ्यात ठेवू नका. ओट्यावर, डोळ्यांदेखत भरा.

मागच्या बाजारी ते दूध उत्पादक पुन्हा माझ्याकडे आले. हातात दोन माहितीपत्रके होती, एक पायडलच्या सायकलीचे आणि एक हिरव्या पाटीच्या गाडीचे. या वेळी मी तोंडाने काही सांगितले नाही. दोन्ही कागद टेबलावर पसरून वॅट, वेग आणि चाचणीचा क्रमांक या तीन ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारली. एका पत्रकावर तिसरी ओळच नव्हती. ते त्यांनी आपणहून बाजूला केले. उरलेली गाडी येत्या सोमवारी आम्ही दोघे त्यांच्या गावच्या चढावर नेऊन, दोन्ही कॅन भरून, चालवून पाहणार आहोत.